एव्हरेस्ट कसं दिलं?

हैदराबादच्या कोठीत माल हात लावून घ्यायचा असतो. सुलतान बाजारात साडी घ्यायला आलेली बाई आधी पदर उलटा करून बघते, मग काठाचा धागा नखाने ओढून बघते, आणि मग ती साडी उचलून थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन धरते. कारण आतल्या ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नसतो. ट्रूप बाजारात बल्ब घेतला तर तो तिथल्या तिथे पेटवून दाखवावा लागतो. महिला कॉलेजच्या आसपास फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला मांडलेली असतात, तिथे गिऱ्हाईक आधी मधली पानं शाबूत आहेत का ते चाळून बघतं. एवढी तपासणी पार पडली की भावाचा विषय निघतो, आणि भाव फिसकटला की निघून जाण्याचं नाटक होतं. चौथ्या पावलाला मागून हाक यायची असते. ती आली नाही तर गिऱ्हाइकाचाच अपमान होतो.

अशा मुलखातल्या माणसाला कोणी डोळ्यांना न दिसणारी, हाताला न लागणारी आणि पैसे भरूनही उद्या सकाळी मिळेलच याची खात्री नसलेली वस्तू विकायला निघालं, तर त्याची काय अवस्था होईल? ही वस्तू म्हणजे काठमांडूहून सुटणारी माउंटन फ्लाइट. सकाळी विमानात बसायचं, तासाभरात हिमालयाची रांग खिडकीतून बघायची, एव्हरेस्टला नमस्कार करायचा आणि परत यायचं.

कोठीला मराठी माणूस नवा नाही. जांबागेतली विवेकवर्धिनी १९०७ सालची. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि इथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जे मराठी बोललं जातं त्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ इतके मुरले आहेत की पुण्याचा पाहुणा पहिले दोन दिवस नुसताच हसतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ‘नक्को’ म्हणायला लागतो. इथल्या निवृत्त मंडळींच्या यादीत काशी, रामेश्वर आणि चारधाम उरकले की पुढचा नंबर नेपाळचा. पशुपतिनाथ, पोखरा, जमलं तर मुक्तिनाथ. सहलीच्या पत्रकात हे सगळं ठळक अक्षरांत असतं. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: माउंटन फ्लाइट, ऑप्शनल.

त्या एका ओळीवरून घरोघरी जो संवाद घडतो, तो साधारण असा. यातले काका म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. कोठीत अशा काकांची वाण नाही.

“ऑप्शनल म्हणजे?”

“म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं करायचं, काका.”

“म्हणजे तुमच्या पैशात नाही.”

“हौ.”

“विमान जातं कुठं?”

“एव्हरेस्टपर्यंत.”

“उतरतं कुठं?”

“काठमांडूला.”

“आणि बसायचं कुठून?”

“काठमांडूहूनच.”

काका चष्मा काढून पुसतात. “म्हणजे तासभर फिरवून जागच्या जागी आणून सोडणार. आणि वर त्याचे पैसे?”

या प्रश्नाला टूरवाल्याकडे उत्तर नसतं. प्रवासाचं तिकीट म्हणजे इथून तिथे जायचे पैसे, हा हिशेब काकांना बसच्या काळापासून पाठ आहे. इथून इथेच यायचे पैसे द्यायला मन तयार होत नाही. त्या वेळी काकू आतून म्हणतात, “मग सकाळी टँकबंडला चक्कर मारायला जाता ते काय उतरायला जाता?” चर्चा तिथे तहकूब होते. ठराव मात्र काकूंच्या बाजूने झालेला असतो.

खरं तर एव्हरेस्टवर हैदराबादचा थोडा हक्क पोचतो, आणि तो काकांना कोणी सांगितला असता तर त्यांनी त्याच्या जोरावर सवलत मागितली असती. ज्याचं नाव त्या शिखराला आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट हा १८१८ साली कर्नल विल्यम लॅम्बटनचा मदतनीस म्हणून त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाला, आणि या दोघांची गाठ पडली ती हैदराबादला. लॅम्बटन तेव्हा कन्याकुमारीपासून उत्तरेकडे देशाची मोजणी करत इथवर आला होता. एव्हरेस्टला निजामाच्या मुलखातल्या जंगलाने असा ताप आणला की १८२० मध्ये त्याला हवापालटासाठी थेट केप ऑफ गुड होपला जावं लागलं. लॅम्बटन पुढे हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच, वर्धा जिल्ह्यात आहे. जगातलं सर्वात उंच शिखर ज्या मोजणीतून सापडलं त्या मोजणीचा जनक विदर्भाच्या सपाट मातीत झोपला आहे, आणि तिथे जायला कोणतीही फ्लाइट लागत नाही.

एव्हरेस्टसाहेब १८४३ मध्ये निवृत्त होऊन विलायतेला गेले. तोवर त्या शिखराचं मोजमाप झालेलंच नव्हतं. पुढे १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने आकडेमोड करून ‘पंधराव्या क्रमांकाचं’ शिखर सर्वात उंच असल्याचं दाखवलं, आणि १८५६ मध्ये अँड्र्यू वॉने आपल्या आधीच्या साहेबाचं नाव त्याला सुचवलं. हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असं म्हणून एव्हरेस्टने स्वतःच हरकत घेतली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. उंची जाहीर झाली २९,००२ फूट. हिशेब बरोबर २९,००० आला होता, पण लोकांना वाटेल की अंदाजपंचे ठोकून दिला, म्हणून वर दोन फूट चढवले, असं सांगतात. सुलतान बाजारात मात्र तीनशेची वस्तू दोनशे नव्याण्णवला विकली जाते. आकडा खरा वाटावा म्हणून वाढवायचा, ही कल्पना तिथे चालली नसती. आता ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला आहे. शहाऐंशी सेंटिमीटरसुद्धा सोडलेले नाहीत.

कोठीला हे नाव जिच्यावरून पडलं ती ब्रिटिश रेसिडेन्सीची कोठीही या विषयात मागे नाही. रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकने ती १८०३ च्या सुमारास बांधायला घेतली. त्याची बेगम खैरुन्निसा पडद्यातली. तिला पुढच्या अंगणात येऊन कोठीचा दर्शनी भाग बघता येईना, म्हणून त्याने मागच्या जनानखान्याच्या बागेत त्याच कोठीची छोटी प्रतिकृती बांधून दिली, अशी गोष्ट सांगितली जाते. खांब, पायऱ्या, सगळं हुबेहूब. माणूस उभा राहिला की छप्पर वरून दिसावं अशी बेताची उंची. म्हणजे जवळून बघता न येणारी गोष्ट सोयीच्या जागेवरून बघायची युक्ती कोठीत दोनशे वर्षांपूर्वीच निघाली होती, आणि तिला विमान लागलं नव्हतं.

विमानाचं नाही पण हेलिकॉप्टरचं सुख हैदराबादने घरबसल्याही घेतलं आहे. २०१६ मध्ये नेकलेस रोडवरून हुसेनसागरावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरच्या जॉयराइड सुरू झाल्या. तिकीट साडेतीन हजारांच्या आसपास आणि फेरी काही मिनिटांची. कोठीत तेव्हा मिनिटाचा दर निघाला. निघालेला दर ऐकून बहुतेकांनी टँकबंडवर उभं राहून खालूनच ते हेलिकॉप्टर पाहिलं. पुढे मेडारमच्या समक्का-सारलम्मा जत्रेलाही हेलिकॉप्टर येऊ लागली. गर्दीत चेंगरून दर्शन घ्यायचं आणि मग तीच गर्दी वरून बघायची. पण कोठीवाल्यांच्या मते हैदराबादचं सर्वात स्वस्त हवाई दर्शन फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं. जुबिली बस स्टेशन ते इमलीबनची मेट्रो सुलतान बाजाराच्या डोक्यावरून जाते. ज्या व्यापाऱ्यांनी बाजार मोडेल म्हणून तिला वर्षानुवर्षं विरोध केला, त्यांच्याच दुकानांवरचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले लेंगे, सगळं खिडकीतून बसल्याजागी दिसतं. शिवाय ती कुठेतरी पोचवते. काकांचा मूळ आक्षेप तिथे लागू पडत नाही.

एव्हरेस्टचा दर कसा लागतो, हे प्रकरण आणखी मजेदार आहे. नेपाळच्या देशांतर्गत विमानांत गिऱ्हाइकाचं पारपत्र बघून भाव सांगतात: नेपाळी माणसाला एक दर, भारतीयाला दुसरा, बाकी जगाला तिसरा आणि सर्वात चढा. चेहरा बघून भाव सांगणारा दुकानदार कोठीत जागोजागी भेटतो, पण त्याने ते तक्ता छापून लावलेलं नाही. एरवी अशा दुजाभावावर तावातावाने बोलणारे काका इथे मात्र, आपण मधल्या दरात बसतो आणि अमेरिकन आपल्यापेक्षा जास्त भरतो, एवढ्यावर खूश होतात. त्यात भारतीय रुपया आणि नेपाळी रुपया यांचा भाव १९९३ पासून एकास एक पूर्णांक सहा दशांश असा ठरलेला. त्यामुळे आकडेमोडीत कोणाला फसवायला वाव नाही आणि कोणावर संशय घ्यायलाही नाही. काकांचा निम्मा उत्साह इथेच मावळतो.

तरी एक हत्यार उरलेलं असतं. कोठीच्या फुटपाथवरून साठ रुपयांत आणलेलं नेपाळचं जुनं मार्गदर्शक पुस्तक. त्यात माउंटन फ्लाइटचा जो भाव दिलेला असतो तो आधीच्या मालकाच्या उमेदीच्या काळातला. काका तो भाव बोट ठेवून टूरवाल्याला दाखवतात. टूरवाला पुस्तकाचं पहिलं पान उघडून छपाईचं साल काकांना दाखवतो. काका म्हणतात, “साल जाऊ दे, डोंगर तोच आहे ना?”

पैशांचं एकदाचं ठरलं की खिडकीची निवड येते. या बाबतीत मात्र कंपन्यांनी माणुसकी दाखवली आहे. माउंटन फ्लाइटला बहुतेक ठिकाणी खिडकीच्याच जागा विकतात, मधल्या वाटेकडच्या रिकाम्या ठेवतात. सत्तर-बहात्तर माणसांच्या एटीआर विमानात निम्मी आसनं मोकळी जातात, आणि त्या मोकळ्या आसनांचे पैसे अर्थातच खिडकीवाल्यांच्या तिकिटात असतात. एटीआरचे पंख वरच्या अंगाला असल्याने खालचं दृश्य झाकलं जात नाही. पण इंजिनाशेजारच्या रांगा आल्या तर हिमालयाच्या आधी गरगरणारा पंखा दिसतो. म्हणून जागा मागायची ती अगदी पुढची नाहीतर पार मागची.

डावी की उजवी, हा वाद तर काठमांडूच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत चालतो. विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय उत्तरेला, तेव्हा जाताना डाव्या बाजूला डोंगर दिसतात, येताना उजव्या बाजूला. डावीकडचे आधी बघतात आणि मग अर्धा तास उजवीकडच्यांच्या डोक्यांवरून माना उंचावतात. उजवीकडचे अर्धा तास नेपाळची शेतं बघत मनात म्हणतात, आपला नंबर येईपर्यंत ढग न येवोत. ज्याला धीर नाही त्याने डावी घ्यावी. पंगतीत पहिल्या वाढपाला बसणाऱ्यांची आणि शेवटच्या पंगतीला निवांत जेवणाऱ्यांची जी दोन घराणी आहेत, तीच इथे भेटतात.

ज्यांना हा खर्च जड वाटतो त्यांच्यासाठी एक तोड आहे. दिल्लीहून काठमांडूला जाताना डाव्या खिडकीला बसलं आणि हवा साफ असली, तर धौलागिरी आणि अन्नपूर्णा फुकटात दिसतात. एव्हरेस्ट तेवढा राहतो. ही युक्ती कोठीत सांगताच कोणीतरी विचारतोच की त्या विमानात खिडकीचे वेगळे पैसे घेतात का. घेतात.

एक गैरसमज मात्र निघण्याआधीच दूर केलेला बरा. लोक म्हणतात, एव्हरेस्ट वरून बघायचं. एटीआर जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत चढतं, आणि शिखर २९,००० च्या वर. म्हणजे विमानात बसूनही एव्हरेस्टकडे मान वर करूनच बघायचं, शिवाय काही मैल अंतरावरून. खरोखर वरून बघणारी पहिली माणसं ३ एप्रिल १९३३ रोजी गेली, आणि ती आपल्या बिहारमधल्या पूर्णियाहून. लेडी ह्यूस्टन नावाच्या धनाढ्य बाईंनी मोहिमेचा खर्च उचलला होता, आणि वेस्टलँडची दोन विमानं शिखरावरून गेली. एकात चित्रीकरणाला बसलेल्या बॉनेट यांची ऑक्सिजनची नळी फाटली आणि ते चक्क बेशुद्ध पडले. एव्हरेस्टवरच्या पहिल्याच हवाई सहलीत एका प्रवाशाने ऐन वेळी डोळे मिटले होते, हे लक्षात ठेवलं तर पाच वाजता उठून आलेल्या आणि गौरीशंकर यायच्या आत घोरू लागलेल्या काकांवर कोणी हसणार नाही.

उठण्याचं म्हणाल तर पहिल्याच फेरीचं तिकीट घ्यावं. सकाळची हवा स्थिर असते, दिवस चढला की दऱ्यांतून ढग वर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सर्वात भरवशाचे. मार्च-एप्रिलही चालतात, पण तेव्हा धूर आणि धुरळा असतो. डिसेंबर-जानेवारीत डोंगर आरशासारखे स्वच्छ असतात, पण काठमांडूच्या खोऱ्यातच धुकं बसतं आणि विमान जमिनीवरून हलत नाही. आणि ही फ्लाइट सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नये. टूरवाले नेमकी तिथेच ठेवतात. पहिल्या दिवशी ठेवली आणि रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी रद्द झाली तर पैसे परत मिळतात, एव्हरेस्ट मिळत नाही.

त्रिभुवन विमानतळावर सकाळी सहाला जे दृश्य असतं ते एकदा बघण्यासारखं आहे. स्वेटरावर शाल, शालीवर मफलर आणि पायात चपला, अशा वेशातली पन्नास-साठ मंडळी काचेतून आकाशाकडे बघत बसलेली. प्रत्येकजण हवामानखात्यात नोकरीला होता असं वाटतं. “हे ढग जाणारे आहेत,” एकजण सांगतो. “हे ढग नाहीत, धुकं आहे,” दुसरा. तिसरा म्हणतो, काल साडेआठला उघडलं होतं. तो कालही इथेच बसलेला असतो. काउंटरवरची मुलगी शांतपणे सांगते की थांबावं लागेल. लगेच चार काका तिच्याभोवती जमून तिला समजावू लागतात की त्यांना वरती निळं दिसतंय.

इथे थोडं गंभीर बोलायला हवं. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्ट दाखवून परतणारं बुद्ध एअरचं छोटं बीचक्राफ्ट विमान काठमांडूजवळ कोटडाँडा इथे डोंगरावर कोसळलं. आतली एकोणीसही माणसं गेली, त्यांतली दहा भारतीय होती. नेपाळच्या विमान कंपन्यांना युरोपीय संघाने २०१३ च्या डिसेंबरपासून आपल्या आकाशात बंदी घातली. म्हणून या खरेदीत दुकानाची पारख कोठीच्या नेमकी उलट करावी लागते. सुलतान बाजारात ज्याच्याकडे माल कायम हजर असतो तो चांगला दुकानदार. इथे जो सकाळी उठून बिनदिक्कत ‘आज माल नाही’ म्हणतो, पैसे परत देतो आणि चार काकांच्या समजावण्याला भीक घालत नाही, तोच चांगला. तिकीट घेताना विचारायचं ते एवढंच: हवा वाईट असली तर काय करता? उत्तर द्यायला जो कचरतो त्याच्याकडून नमस्कार करून निघावं, आणि मागून हाक आली तरी वळू नये. विमान उडालं आणि वर गेल्यावर डोंगर ढगात निघाले, तर काय, हेही तेव्हाच विचारून ठेवावं.

हवा उघडली की मात्र सगळे वाद थांबतात. विमान वर चढतं, आणि काठमांडूच्या विटांच्या घरांवरून पहिली पांढरी रांग उभी राहते. हवाई सुंदरी शिखरांचं रेखाचित्र छापलेला कागद प्रत्येकाच्या हातात देते: लांगटांग, शिशापांग्मा, दोर्जे लाक्पा, गौरीशंकर, चो ओयू, नुप्त्से, ल्होत्से, मकालू. कागदावर प्रत्येक शिखर वेगळं आणि टोकदार असतं. खिडकीबाहेर एकाला झाकायच्या आत दुसरं उभं असतं. अर्धं विमान कागद उलटा धरून बसतं.

गौरीशंकर आला की जुन्या पिढीतल्या बायका हात जोडतात आणि समाधानाने मागे टेकतात. त्यांना सांगावं लागतं, आजी, हे एव्हरेस्ट नव्हे. त्या म्हणतात, आम्हाला शाळेत तर गौरीशंकर म्हणूनच शिकवलं होतं. यात त्यांचा काही दोष नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन संशोधक हेर्मान श्लागिंटवाइटने या दोन शिखरांची गल्लत केली, आणि ती दोन वेगळी शिखरं आहेत हे १९०३ मध्ये हेन्री वुडच्या पाहणीने सिद्ध झालं. पण चूक दुरुस्त होऊन आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचायला आणखी बराच काळ गेला. गौरीशंकर ७,१३४ मीटरचा आहे, एव्हरेस्टपेक्षा पावणेदोन हजार मीटरने बुटका. पण दिसायला जास्त रुबाबदार, आणि नाव तर दोन देवांचं. आजी पुढचं बघायलाही तयार नसतात. त्यांचे पैसे तिथे वसूल झालेले असतात.

मग एव्हरेस्ट येतो, आणि एक अवघड शांतता पसरते. नुप्त्से आणि ल्होत्से यांची भिंत पुढे उभी असते आणि तिच्यामागून काळसर, त्रिकोणी टोक तेवढं डोकावतं. वाऱ्याने उडणारा बर्फाचा तुरा असला तर ओळखू येतं. जगातली सर्वात उंच वस्तू शेजारच्या भिंतीमागे लपलेली बघून काकांना फसवल्यासारखं वाटतं. “हेच का?” “हौ, तेच.” “मग ते पुढचं मोठं?” “ते जवळ आहे म्हणून मोठं दिसतं.” काका पुन्हा कागद बघतात, पुन्हा खिडकीकडे बघतात. ज्याला आयुष्यभर साडी उन्हात नेऊन बघायची सवय, त्याने इथे नेमकं काय तपासायचं?

एवढ्यात, प्रघात अजून चालू असेल तर, कॉकपिटमध्ये बोलावणं येतं. माउंटन फ्लाइटचा जुना प्रघात असा की प्रवाशांना एकेक करून वैमानिकांच्या मागे उभं करतात आणि समोरच्या काचेतून डोंगर दाखवतात. तिथून मात्र सगळं बदलतं. बाजूच्या खिडकीतून वहीएवढा दिसणारा हिमालय समोरच्या काचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला असतो. काका तिथे अर्धं मिनिट उभे राहतात आणि परत येऊन कोणाशी काही बोलत नाहीत. काकूंना वाटतं, चक्कर आली.

परतताना प्रत्येकाच्या हातात एक प्रमाणपत्र पडतं. शिखर चढलो नाही पण मनाने तिथे पोचलो, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली वैमानिकाची सही. हे प्रमाणपत्र कोठीत भिंतीवर लागतं ते सहसा दिवाणखान्यात, मुलांच्या इंजिनिअरिंगच्या पदवीशेजारी. फोटो मात्र कोणी दाखवत नाही, कारण पन्नासातल्या चाळीस फोटोंत काचेवर उमटलेलं काकांचं नाक आहे, बाकीच्यांत इंजिन.

या सगळ्यावर मात करायची तर मुलगा अमेरिकेत असावा लागतो, आणि कोठीतल्या मराठी घरांत तो हटकून असतो. तो आईबाबांना लास व्हेगासला नेतो आणि ग्रँड कॅन्यनची हेलिकॉप्टर सहल घडवतो. तिथे निवड आणखी चकवणारी. व्हेगासहून स्वस्त पडते ती वेस्ट रिमची सहल, आणि कॅलेंडरवर जो फोटो असतो तो बहुतेक वेळा असतो साउथ रिमचा; दोन्हींची नावं ग्रँड कॅन्यनच. ही दरी ४४६ किलोमीटर लांब, तेव्हा ‘ग्रँड कॅन्यन दाखवतो’ असं सांगणारा तिचा नेमका कुठला तुकडा दाखवणार, हे विचारून घेणं भाग असतं. शिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत दरीच्या काठाखाली उतरायला हवाई सहलींना मनाई, तर वेस्ट रिमला हुआलपाई आदिवासींच्या जमिनीवर हेलिकॉप्टर थेट तळाशी उतरवतात. ज्याला विस्तार बघायचा त्याने साउथ रिम घ्यावं, ज्याला आत शिरायचं त्याने वेस्ट.

पण खरी परीक्षा काउंटरवर होते. छोट्या विमानांत आणि हेलिकॉप्टरमध्ये तोल सांभाळायचा म्हणून प्रत्येक प्रवाशाचं वजन आधी विचारतात आणि मग सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून ते ताडून बघतात. जागा वाटायच्या त्या वजनाच्या हिशेबाने. तिथे वशिला नाही, डावी-उजवी नाही, आधी आलो नाही. कोठीत जन्मभर दुकानदाराच्या काट्यावर संशय घेणाऱ्या काकूंवर, काटाच आपल्यावर संशय घेतोय, असा प्रसंग येतो. अर्ज भरताना त्यांनी जे वजन लिहिलेलं असतं ते मुलाच्या मुंजीच्या सुमाराचं. त्या पर्स काढून ठेवतात, मग शाल, मग पायातले बूट काढायला वाकतात. काउंटरवरचा पोरगा गोड हसून म्हणतो, बुटांसकट चालेल. काकू उभ्या राहतात. आकडा फक्त त्या पोरालाच दिसतो. तो संगणकात काहीतरी टिपतो आणि वैमानिकाशेजारची, पुढच्या मोठ्या काचेसमोरची जागा काकूंना देतो. काकांना मागे, दोन जाडजूड जर्मनांच्या मध्ये.

व्हेगासला परतेपर्यंत काका एकच प्रश्न विचारत राहतात. काकू खिडकीबाहेर बघत सांगतात, “तुमचं काय जातंय? मला समोरून सगळं दिसलं.”